फ्लॉपीला कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घाटकोपरला बसच्या रांगेत माझ्यापुढे एकाच ऑफिसातल्या दोघी उभ्या होत्या. थोरली टायपिस्ट, धाकटी कॉम्प्युटर शिकून आलेली.

“जया, परवा ऑफिसात खंडेनवमीची पूजा झाल्यापासून तो कॉम्प्युटर काही वाचेचना गं. साहेबांना कळलं तर मला टपाल नोंदवायला बसवतील.”

“जानकीताई, हळदकुंकू कुठे कुठे लावलंत?”

“कीबोर्डला. बोटं तिथेच चालतात ना.”

“ते पुसता येईल.”

“पडद्याला.”

“तो नुसता दाखवतो. आणि सीपीयूला? सगळा विचार तोच करतो.”

“त्या डब्यावर झेंडू वाहिला. कोरडा.”

“मग बिघडलं कुठे?”

“ती काळी चौकोनी फ्लॉपी असते ना, तिला मधे फट आहे बघ. तिथे ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.”

“अहो, वाट लागली! त्या फटीतूनच तर तो वाचतो. तीनशे लोकांच्या रजेच्या नोंदी होत्या तिच्यावर!”

“त्या आहेत माझ्या कपाटात. सगळ्या टाइपरायटरवर कार्बन घालून काढून ठेवल्यात.”

“म्हणजे दोनदा काम केलंत? कशाला?”

“नवा आहे गं तो. पूजा केली म्हणून लगेच विश्वास टाकायचा का?”