हां म्हणेपर्यंत

(विश्रांतवाडीत गिटारी बनवणाऱ्या घरातल्या खैरूनबींनी सांगितलं, तसंच लिहून घेतलं.)

माझं माहेर खडकवासल्याकडचं, बाप सुतार, गावात कुणाची चौकट, कुणाचा पाळणा, कुणाचं औत असली कामं करायचा, आन् गावात मुसलमानाचं घर आमचं एकलंच, त्यामुळं माझी बोली ही अशी, हाय-न्हाई करणारी. लगीन होऊन शनिवार पेठेत आले तर सासूबाई म्हणायच्या, सून आणलीय का शेतातनं भाजी आणलीय? पेठेतली माणसं हो, मुसलमान असली म्हणून काय झालं, टोमणा पेठेचाच. मला राग न्हाई यायचा, हसू यायचं. मी म्हणायची, भाजी ताजी तरी हाय ना?

सासरे सतारी दुरुस्त करायचे. आमचे हे त्यांच्या हाताखाली शिकले. पुढं कॉलेजची पोरं मोडक्या गिटारी घेऊन यायला लागली, त्या उघडून उघडून ह्यांना वाटलं की आपणच का करू नये. पहिली गिटार केली ती मला दाखवायला आणली, मी म्हणले, तंबोऱ्याला कंबर आली की. लई हसले व्हते.

तर त्या पेठेतल्या खोलीचं सांगते. भाड्याची, एकच खोली, जिन्याच्या टोकाला. तिचं दार जुन्या सागाचं, झिजून झिजून पातळ झालेलं. घंटा कुठली! हे कामावरनं आले की बोट वाकवून वाजवायचे, एकदा, मग जरा थांबून दोनदा. मी स्टोपाशी असायची, तिथूनच म्हणायची, हां. आले न्हाई, थांबा न्हाई, नुसतं हां. आन् उठायची. त्या दाराचा आवाज कसा सांगू तुम्हाला, कोरडा न्हाई, बसका न्हाई, बाहेर आपलं माणूस हाय असा आवाज. सासूबाई म्हणायच्या, तुझा नवरा दार वाजवतो का तबला?

मग ती इमारत पाडली. दार भंगारवाल्यानं नेलं, हातगाडीवर आडवं टाकून. आम्ही इकडं विश्रांतवाडीला आलो, खाली कारखाना, कारखाना म्हणजे पुढची खोली हो, मागं स्वयंपाकघर, वर माडी. इथं लोखंडी दार हाय, घंटी हाय, दाबली की चिमणी वरडते.

आता गिटारीचं ऐका. हे म्हणायचे, गिटारीत गाते ती वरची फळी, बाकीचं लाकूड नुसतं तिला धरून बसतं. ती फळी जाड राहिली तर मुकी, लई पातळ झाली तर डबा. मधे कुठंतरी तिची जागा असते. आन् दोन फळ्या एका मापाच्या केल्या तरी दोन तऱ्हेनं बोलतात, झाड वेगळं असतं ना. आरिफनं, म्हणजे माझ्या लेकानं, मापाचं यंत्र आणलं व्हतं, ह्यांनी ते खिळ्यांच्या डब्यात ठेवून दिलं. हे फळी दोन बोटांत लटकत धरायचे, मधोमध बोटानं वाजवायचे, मग थोडा रंधा मारायचे, परत वाजवायचे. दिवसभर तेच. मी मागं भाकरी करायची, कांदा चिरायची, आन् कानावर ते ठक, ठक. मी काय त्याकडं लक्ष देत न्हवते. आपल्या घरातल्या घड्याळाकडं कोण लक्ष देतं?

पण ह्यांच्या सगळ्या गिटारी सारख्या वाजायच्या. कोथरूडला एक सर हाईत, पोरांचा क्लास चालवतात, त्यांची पोरं जमून एकदम वाजवतात, त्यामुळं त्यांना सगळ्यांचा आवाज एक लागतो. ते दरसाल आमच्याकडूनच घ्यायचे. म्हणायचे, तुमच्या गिटारी एका आईची लेकरं वाटतात. हे नुसते मान हलवायचे.

मान हलवायचे, कारण ऐकू यायचं न्हाई. करवतीच्या मशिनीनं कान गेले. कुणाला सांगितलं न्हाई, पण बायकोला कळतंय हो, नवरा ऐकत न्हाई आन् नवऱ्याला ऐकू येत न्हाई, ह्यातला फरक. मी पण कधी बोलले न्हाई. गिटारी करणारा बहिरा, असं लोकांनी म्हणावं का? मी आपली समोर जाऊन, तोंड दिसंल असं बोलायची. तरी गिटारी सारख्याच व्हायच्या. ह्याचं मला कधी नवल वाटलं न्हाई, हे आता नवल वाटतं.

मग हे गेले. सकाळी चहा घेतला, रंधा हातात घेतला, आन् बसल्या जागी. अल्लाची मर्जी.

मी इद्दतीला बसले, माडीवरच्या खोलीत. आमच्यात नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस बाहेर पडत न्हाई. सून ताट वर आणून द्यायची. खाली आरिफनं सरांची खेप पुरी केली, सगळं बापासारखं, तेच लाकूड, तोच सरेस, वाजवणं पण तसंच, एकदा, थांबून दोनदा. मला वर काही ऐकू येत न्हवतं. सर आले, एकेक वाजवून बघितली आन् आरिफला म्हणले, गिटारी चांगल्या आहेत हो, फक्त ओळखीच्या नाहीत. एक इकडं बोलते, एक तिकडं. अजून एकदा करून बघा, नाहीतर मला दुसरीकडं बघावं लागेल. आरिफ रात्री जेवला न्हाई. म्हणला, अम्मी, अब्बा काय करायचे ते मला आलंच नाही, मी खोली भाड्यानं देतो आन् कुठंतरी नोकरी धरतो. बापाचं हत्यार ज्या खोलीत, तिथं दुसऱ्याचं सामान येणार! पण मी काय सांगणार? मला कुठं गिटार येते?

इद्दत सुटली, मी खाली आले. परात घेतली, पीठ मळायला बसले. पुढं आरिफ फळी घासत व्हता, शेवटचं बघू म्हणून. ठक, रंधा. ठक, रंधा. मी मळतेय. आन् मग वाजलं. एकदा, थांबून दोनदा. पेठेतलं दार हो! तेच. माझ्या तोंडातनं आपोआप गेलं, हां. आन् मी उठले, पिठाचे हात तसेच, दार उघडायला. कुठलं दार उघडायला निघाले ते माझं मलाच कळंना. समोर आरिफ उभा, फळी हातात तशीच. म्हणला, अम्मी, अब्बा इथंच थांबायचे.

मी म्हणले, कुठं?

म्हणला, तू हां म्हणायचीस तिथं. वाजवायचे, मान वळवून तुझ्याकडं बघायचे. तू हां केलंस की रंधा खाली. मला वाटायचं, भूक लागली म्हणून बघतात.

काय सांगू तुम्हाला! एवढी वर्षं मी हां म्हणत व्हते हेच मला ठाऊक न्हवतं. त्यांना ऐकू येत न्हवतं आन् ते माझ्या तोंडाकडं बघून माझ्या कानानं गिटारी करत व्हते, आन् माझा कान त्यांच्याच हाताची वाट बघत व्हता. त्यांना हे कळलं व्हतं का? कळलं असंल तर मला का न्हाई सांगितलं? आता कुणाला विचारू?

ती खेप झाली. सर वाजवून बघत बसले, मग म्हणले, ह्या ओळखीच्या. आरिफनं त्या दिवशी मिठाई आणली. कारखाना चालू हाय, अल्लाचा शुकर हाय.

पण माझं ऐका. आता रोज आमचे हे येतात. आधी लांबनं, बसका आवाज, जिन्याच्या खालच्या पायरीवर असल्यासारखे. आरिफ रंधा मारतो तसे वर चढतात, वर चढतात, आन् मग दाराशी. मी हां म्हणले की आरिफ हात थांबवतो. म्हणजे मी हां म्हणते आन् ते जातात. पूर्वी हां म्हणले की आत यायचे.

एकदा मी हां म्हणलेच न्हाई. ओठ मिटून बसले. म्हणले, वाजवू दे, अजून एकदा वाजवू दे, उभे राहू देत दाराशी. आरिफ वाट बघून परत रंधा मारायचा, परत वाजवायचा. थोडा वेळ ते व्हते. मग आवाज फाटला, डबा झाला, आन् दाराशी कुणीच न्हाई. फळी वाया गेली. आरिफ म्हणला, अम्मी, ऐकू नाही आलं का? मी म्हणले, आलं. त्यानं फळी उचलून बाजूला ठेवली. गुणी लेकरू हाय.

तेव्हापासून मी वेळेवर हां म्हणते. सून आता माझ्याजवळ बसते, कान देते, मी म्हणते, बाई, तुला कुठलं दार ऐकू येणार? तू तुझं ऐक. ज्यांच्या घरी ह्या गिटारी गेल्यात त्यांच्या दारावर अल्ला आपल्याच माणसाचं बोट वाजवो. थांबा हं, आरिफनं फळी उचलली. तुम्ही जरा गप बसा.

हां.