भिंगरी ट्रायल रूममधून बाहेर येत नाही

"हॅलो? … हॅलो, ताई, ऐकू येतंय का? … हो, मीच. … नाही, नाही, मुलं ठीक आहेत. दोघंही ठीक आहेत. हे आधी सांगायला हवं होतं, चुकलंच. … तुमची ड्यूटी चालू असेल म्हणून नुसते मिस्ड कॉल दिले. … दुकानात आहे. बर्फातल्या कपड्यांच्या. … हो, आत्ता. … माहीत आहे हो, उद्या सकाळी सहाला बस आहे."

पलीकडे मुलांची आई होती. हॉस्पिटलात नर्स. पंधरा मिनिटांची सुटी मिळाली तशी जिन्यात येऊन तिनं उलटा फोन लावला होता. आणि अलीकडे, टोप्यांच्या फिरत्या स्टँडला टेकून, मुलांच्या बाबांची दुसरी बायको उभी होती. लग्नाला आठ महिने झाले होते. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्यात तिची बारा वर्षं गेली होती. समोरचा माणूस अक्षरांच्या पाटीकडे कसा बघतो यावरूनच ती नंबर ताडायची. पण नऊ वर्षांच्या मुलीनं आणि सहा वर्षांच्या मुलानं बर्फात स्कीइंग करायला काय घालावं, हे काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. मुलं तिला अजून कुठल्याच नावानं हाक मारत नसत. काही हवं असलं की नुसतं 'ऐक ना' म्हणत.

"मुलांचे बाबा? ते स्की आणि बूट भाड्यानं आणायला गेलेत. मला म्हणाले, कपडे तू बघ, सोपं असतं. … हसताय काय? … हो, तुम्हालाही असंच म्हणत असतील. … थांबा, लिहून घेते. पेन आहे, कागद नाही. हातावर लिहिते. सांगा."

फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून ती डाव्या हातावर लिहू लागली.

"सगळ्यात आत पातळ, अंगाला चिकटणारं. … सुती नको? अहो, मी तर सुतीच घेतलंय, चार-चार. … घाम धरून ठेवतं… आणि मग ओल्या कपड्यात पोरं गारठतात. खरंय. परत ठेवते. … मध्ये मऊ, लोकरीसारखं. … आणि वरून पाणी आत न शिरणारं. तीनच ना? … मोजे दोन-दोन घालू त्यांना? … एकच? … गुडघ्यापर्यंत लांब, एकच जोड. … हो, बरोबर, दोन घातले की बुटात पाय आवळणार आणि उलट जास्त गार पडणार. … मला वाटलं जितकं जास्त तितकं बरं. मी इथून अर्धं दुकान उचललंय, ताई."

एवढ्यात जॅकेटांच्या रांगेतून सहा वर्षांचा ठोंब्या बाहेर आला. डोळ्यांवर केशरी काचेचा गॉगल, अंगात कुणा तगड्या माणसाच्या मापाचं जॅकेट, बाह्या जमिनीवर लोळतायत. तो तसाच पलीकडच्या रांगेत शिरला.

"ठोंब्या ना? मजेत आहे. … त्याला पाच बोटांचे हातमोजे नकोत? … चारी बोटं एकत्र, अंगठा तेवढा वेगळा. म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. हे छान. … जॅकेट दोन मापं मोठं घेतलं तर पुढच्या वर्षीही येईल, असं मनात होतं. … हो, पण बाही बोटांवर आली तर हात कसे वापरणार, तेही आहेच. … एकच माप मोठं. … पट्ट्यांची पँट, वरपर्यंत येणारी, म्हणजे पडला तरी पाठीत बर्फ जाणार नाही. … आणि वर-खाली जोडलेला एकच सूट नको? का? … अगं बाई, बाथरूम. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

लिहिता लिहिता तिचं पेन मनगटापाशी थांबलं. पुढे जागाच नव्हती.

"ताई, ऐका. खरं सांगू का? मी त्यासाठी फोन नाही केला. म्हणजे त्यासाठीही केला, पण… भिंगरी ट्रायल रूममध्ये गेलीय. पंचवीस मिनिटं झाली. बाहेर येत नाहीये. … विचारलं ना. तीनदा विचारलं. 'काही नाही' म्हणते. … नाही, रडण्याचा आवाज नाही. नुसती खुडबूड. … कडी आतून लावलीय. … एक निळं जॅकेट होतं. मी निवडलेलं. तिला दाखवलं, तर म्हणाली 'चालेल'. नुसतं चालेल."

ट्रायल रूमच्या बाहेर बूट घालून बघायला एक बाक होता. ती त्याच्यावर जाऊन टेकली. मागची भिंत प्लायवूडची होती. तिनं आवाज खाली केला, पण प्लायवूडला तेवढं पुरेसं नव्हतं.

"मला वाटतं, माझ्या हातचं काही घालायचंच नसेल तिला. … नाही, ती उद्धट नाही हो. तेच तर. आठ महिन्यांत एकदाही भांडली नाही माझ्याशी. जेवली की ताट उचलून ठेवते. दार लावताना आवाज करत नाही. मी काही दिलं की थँक्यू म्हणते. सांगा, नऊ वर्षांची मुलगी घरात अशी वागते का? ठोंब्या कसा अंगावर येऊन पडतो. ही म्हणजे… एक तर ती पाहुणी आहे, नाहीतर मी. … मी? मी कशाला ओरडू तिला. … नाही, कधीच नाही. भीती वाटते मला. एखादा शब्द वेडावाकडा गेला, आणि ती तुमच्याकडे शनिवारी येऊन म्हणाली की… … हो. … हो, कळतंय. … नाही, रडत नाहीये. इथल्या टोप्यांची लोकर नाकात जातेय."

पलीकडची बाई बराच वेळ बोलत राहिली. अलीकडची नुसती मान हलवत होती. फोनवर मान दिसत नाही, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

"हो… हो… तुमच्याशीही अशीच वागली होती? … दोन आठवडे? का? … मग? … मग काय केलंत तुम्ही? … थांबा. थांबा, ताई, ती काहीतरी म्हणतेय."

प्लायवूडच्या मागून आवाज आला होता. "ऐक ना."

ती उठून दाराशी गेली. "काय गं?"

"चेन अडकलीय."

"कसली चेन?"

"जॅकेटची. केसांत अडकलीय. आणि तिचं ओढायचं टोक तुटलं. माझ्या हातात आहे."

"हॅलो, ताई? चेन. … चेन अडकलीय हो जॅकेटची. केसांत. … हो, तेवढंच. … पंचवीस मिनिटं, हो. … फोन ठेवू नका."

कडी सरकली. भिंगरी दारात उभी होती. जॅकेट गळ्यापर्यंत बंद, मान एका बाजूला कललेली, वेणीचा शेंडा चेनमध्ये गेलेला, चेहरा लालबुंद आणि कपाळावर घाम. दोन थर तिनं नीट क्रमानं घातले होते. तिसऱ्यानं घात केला होता. मुठीत पत्र्याचा एक इवलासा तुकडा घट्ट धरलेला.

बाबांच्या बायकोनं पर्समधून चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस काढला. तो कायम तिच्याजवळ असायचा. फोन पुन्हा खांद्यावर दाबला, भिंगरीची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि चेनच्या दातांतून एकेक केस सोडवू लागली. असल्या कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सोडवतेय, ताई. … नाही, कापावं नाही लागणार. चार-दोन केस जातील. … हलू नकोस गं. इतका वेळ सांगितलं का नाहीस?"

भिंगरी वर छताकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तू ओरडशील. दुकानाची वस्तू मोडली म्हणून."

"मी कधी ओरडलेय तुला?"

"तेच ना."

"तेच ना म्हणजे?"

"आई कशी ओरडते ते मला माहितीय. आधी मोठ्यानं. मग दोन मिनिटं गप्प बसते. मग खायला देते. तुझं मला काहीच माहीत नाही."

पेचकस जागच्या जागी थांबला.

"ऐकलंत का, ताई? … पुन्हा सांगू? म्हणते, आई कशी ओरडते ते माहितीय, माझं माहीत नाही. … हॅलो? ताई, आहात ना? … हसू नका हो. … काय? … ओरडू? आत्ता? … अहो, दुकानात माणसं आहेत. … नाही, पण असं ठरवून कसं ओरडणार? … बरं. बरं, बघते."

ठरवायची गरज पडली नाही. पलीकडच्या रांगेत काहीतरी धाडकन पडलं, आणि ठोंब्या कपडे घातलेल्या पुतळ्याचा अख्खा हात काखोटीला मारून, केशरी गॉगल लावून, 'ऐक ना, याचा हात आला' असं सांगत पुढ्यात हजर झाला.

"भिंगरे." आवाज एवढा निघेल याची तिला स्वतःलाच कल्पना नव्हती. "पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटं मी इथे बाहेर जिवाला घोर लावून घेतलाय. कशासाठी, तर एका चेनसाठी. मोडली तर मोडली. मोडलेलं दुरुस्त करता येतं, नाहीतर भरून देता येतं. आतमध्ये गुदमरून बसायचं नाही. पुन्हा काही अडकलं, चेन म्हणा, अभ्यास म्हणा, काहीही, तर लगेच मला हाक मारायची. तीनदा विचारायला लावायचं नाही. आणि ठोंब्या, तू. तो हात आधी ज्याचा आहे त्याला नेऊन दे. गॉगल काढ. पळायचं नाही, चालत जा."

कॅश काउंटरवरची बाई घडी घालता घालता थांबली. ठोंब्या हात घेऊन अगदी हळू, एकेक पाऊल टाकत निघाला.

भिंगरीनं जरा वाट पाहिली. "झालं?"

"झालं."

"मग आता गप्प बसणार?"

"मला नाही जमायचं. मी लगेच बोलते."

"आणि खायला?"

"ते या दुकानातून बाहेर पडल्यावर."

भिंगरीनं मान डोलावली. हिशोब लागल्यासारखी. शेवटचा केस सुटला आणि चेन खाली आली.

"सुटली, ताई. … हो, ऐकू गेलं असेल, सगळ्या बाजाराला गेलं असेल. … जास्त झालं का? … बरं. … नाही, तोंड पाडलेलं नाही तिनं. उलट माझ्याकडे असं बघतेय, जसं मी… काय सांगू, पहिल्यांदा चष्मा लावलेलं माणूस बघतं तसं. … हो, दुसरं जॅकेट मागते, याच रंगाचं. मोडलेल्याचं काय ते काउंटरवर सांगून टाकते. … तुमची वेळ झाली? … थांबा, एवढंच विचारते, मानेला मफलर बांधू की… … लांब नको, कुठे अडकायला नको. नळीसारखं डोक्यातून घालायचं. … कळलं. … हो, पोहोचलो की लगेच फोन. … भिंगरी हात पुढे करतेय, देते तिला."

भिंगरीनं फोन घेतला आणि पाठ फिरवली, पण आवाज काही खाली केला नाही.

"आई? … हो. … हो, निळंच. … नाही गं, ऊब भरपूर आहे, मी आत उकडून निघाले. … हो, मोजे एकच. … आई, तिला नीट येतं ओरडायला. … हो, मोठ्यानं. … जा तू, पेशंट वाट बघत असतील. ठेवते."

तिनं फोन बंद करून परत दिला. काउंटरवरच्या बाईनं तोवर दुसरं निळं जॅकेट आणून धरलं होतं. भिंगरीनं ते अंगात घातलं, चेन स्वतः न ओढता समोर उभी राहिली, आणि दोन्ही हात सरळ वर केले.

"बघ ना," ती म्हणाली, "कंबर उघडी पडते का."