वाघावर मांडी

—नाही नाही, उठू नका! तसेच मांडी घालून बसा. काका, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत. चपला दाराशी काढल्यात आणि सरळ वाघावर येऊन बसलात! दिवाळीपासून हे गालिच्यांचं दुकान उघडलंय मी, आणि जो येतो तो उभ्याउभ्या विचारतो — टीपॉयखाली जाईल का, मशीनमध्ये धुतला तर चालेल का, दारात घालायला याचा छोटा पीस आहे का. दारात! अहो, तिबेटी माणूस याच्यावर बसतो, झोपतो, घोड्याच्या पाठीवर घालतो — पाय नाही पुसत. तुम्ही मार्केट यार्डातले ना? वाटलंच. गादीवर बसायची सवय असलेला माणूस लगेच कळतो. आमचे बाबापण तसेच — सर्जेराव, कांद्याचे आडते. ओळखता? मग सांगा त्यांना, पूर्णिमाच्या दुकानात आज गिऱ्हाईक आलं होतं.

हात फिरवा ना. पट्टे वर आलेले लागतात? नक्षीच्या कडेनं कात्रीनं चर पाडतात, म्हणून. मी स्कॉटलंडला विणकाम शिकायला होते — हो, विणकामच, बाबांनाही अजून पटलेलं नाही — तिथं असा एक वाघ काचेच्या कपाटात होता. हात लावायला बंदी! ज्याच्यावर लोक आयुष्यभर झोपले, तो काचेत! मी शिक्षण संपवून आले ती घरी नाहीच आले, दिल्लीहून थेट हिमाचलात, तिथल्या तिबेटी वस्तीत पेमाताईंच्या मागासमोर जाऊन बसले. त्यांची आई तिबेटातून डोंगर ओलांडून आली तेव्हा माग काही आणता आला नाही, नक्षी तेवढी डोक्यात आणली. आणि विणायची तऱ्हा बघा — ताण्याच्या उभ्या दोऱ्यांवर आडवी लोखंडी सळी धरायची, लोकर तिच्यावरून गुंडाळत जायची, ओळ भरली की ठोकायची, आणि मग सळीवरून सुरी — सर्र! सगळे फास एकदम मोकळे. तो आवाज ऐकलात ना, तर कांदे-बटाटे सोडून द्याल.

डोळा? हं, डावा जरा तिरळा आहे. तो पेमाताईंचा नाही, माझा आहे. तेवढा मला विणू दिला त्यांनी, आणि बघून अशा हसल्या — म्हणाल्या, उसवू नकोस, तू जाशील तिकडं बघायला बरा पडेल. त्यामुळं — बाबांना नका सांगू हं — परवा एक बाई पैसे काढून उभ्या होत्या, मीच म्हटलं, बुक झालाय. अहो, त्यांच्या घरी कुत्रा होता! म्हणजे विकायचा नाही असं नाही. विकायचाच आहे. विकायलाच लागणार आहे. या महिन्यात एक तरी गालिचा विकून दाखव, नाहीतर गाळा भाड्यानं देतो, असं बाबांनी—

काय? टेम्पो दाराशी लागतो का? छे, टेम्पो कशाला, गुंडाळला की रिक्षात मावतो. शटर? बारा फुटी. नाही, ओल अजिबात नाही येत, पण तुम्ही तर घरी नेणार ना... थांबा. काका, तुम्ही गालिचा बघायला नाही आलात. गाळा बघायला आलात. बाबांनी पाठवलंय! आणि महिना संपायचाय अजून! काय भरणार इथं? लसूण?

लसूण. उठा बघू. नाही, राहू दे, बसा, पण ऐका. यार्डात लसणाला जागा कमी आहे का? या वाघाला अख्ख्या पुण्यात दुसरी नाही. आणि तुम्ही आल्याबरोबर बसलात की नाही? कुणी सांगितलं होतं? बसल्यावर पाठ टेकलीत, पाय लांब केलेत, मी बघत नाही असं वाटलं का? झोपायच्याच मापाचा असतो तो, म्हणून तर — काका? अहो काका?

...हॅलो, बाबा. हो, आलेत. नाही, भांडले नाही, थोडंच बोलले. गाळा आवडला का ते कसं विचारू? हळू बोला ना. घोरतायत. वाघाच्या मानेवर डोकं ठेवून. मी? मुळीच नाही उठवणार. पहिलं गिऱ्हाईक आहे माझं. ठेवा फोन.