फडक्याची उचकी आणि आक्कांच्या कपाटातली पत्रं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या डबिंग स्टुडिओचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले, चाहता मंडळाचे प्रमुख आणि व्यवसायाने दातांचे डॉक्टर. जिच्यासाठी आपण सगळे कामं टाकून इथे जमलो ती उत्सवमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या आक्का. समोर बसलेले सहकारी आणि त्यांच्या घरची मंडळी. आणि अगदी मागे, दाराजवळची खुर्ची धरून बसलेली आमची छोटी. तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

आक्का, तुम्हाला ती दुपार आठवते का? वीज गेली होती. आपण दोघी स्टुडिओच्या मागच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसलो होतो. तुमच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी तो सेफ्टी पिनने जोडत होते. तुम्ही चहात बिस्किट बुडवलंत आणि ते बुडालंच. तुम्ही कपात वाकून बघितलंत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "गेला बिचारा. निरोपसुद्धा घेतला नाही." मी इतकी हसले की पिन माझ्याच बोटात गेली. तेवढ्यात वीज आली, आतून रेकॉर्डिस्ट मामा ओरडले, तुम्ही उरलेला चहा एका घोटात संपवलात, आपण धावत आत गेलो, आणि माइकसमोर उभ्या राहताच तुम्हाला उचकी लागली.

या साध्या दुपारीबद्दल मी इतकं का बोलते आहे? कारण अडतीस वर्षांनंतर त्या उचकीवरून आपल्या स्टुडिओत जे रामायण घडलं, त्याचा दोष माझ्याकडे येतो. आज सगळ्यांसमोर तो कबूल करावा म्हणूनच मी बोलायला उभी राहिले.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. परदेशी सिनेमांना आपल्या भाषेत आवाज देणं हा आपला धंदा. मी इथे लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून मला संवादांचं भाषांतर करायला घेतलं, आणि सगळे मला मिस म्हणू लागले ते आजतागायत. माझी भाषा तेव्हा इतकी इस्त्री केलेली होती की आक्का माझा पहिला कागद वाचून म्हणाल्या होत्या, "मिस, हा माणूस मरतोय ना? मग एवढं शुद्ध का बोलतोय?" माझी मराठी आक्कांनी माइकसमोर उभं राहून दुरुस्त केली. आज जी काही बरी बोलते आहे, ती त्यांची देणगी आहे.

तर त्या वर्षी तो अंतराळयानाचा सिनेमा आला. त्यात हसवणारी पात्रं दोन. एक, यानाच्या कोठीचा कारभारी, जो आपल्याच सावलीला घाबरायचा; आम्ही त्याला कोठीवाला म्हणायचो. त्याचा आवाज ठरलेला नट आला नाही म्हणून मामांनीच दिला. आणि दुसरं, यानाची फरशी पुसणारं एक यंत्र. मूळ सिनेमात त्याला नुसता एक नंबर होता. मी त्याचं नाव फडक्या ठेवलं आणि आक्कांनी त्याला आवाज दिला. बाहेर युद्ध पेटलेलं असायचं आणि हा म्हणायचा, "पाय उचला, ओलं आहे."

तेव्हा सिनेमाचा एकेक तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरायचा आणि कलाकार ओठ जुळवून बोलायचे. प्रत्येक खेपेचा हिशेब माझ्याकडच्या तक्त्यावर असायचा. चांगल्या खेपेपुढे बरोबरची खूण, वाईट खेपेपुढे फुली. त्या दुपारी आक्कांची उचकी थांबेना. चार खेपा वाया गेल्या, पाचवी स्वच्छ झाली. मी मात्र हसून हसून डोळे पुसत होते. मी खूण केली ती चौथ्या खेपेपुढे. फडक्याची उचकी तशीच पुढे गेली, त्या रिळाच्या प्रती निघाल्या. चूक कळली तेव्हा मामा डोक्याला हात लावून बसले. आक्का म्हणाल्या, "आता एकदा उचकी लागलीच आहे त्याला, तर पुढच्या प्रसंगांतही लागू दे. नाहीतर लोक म्हणतील, मध्येच बरा कसा झाला?" आणि उरलेल्या सगळ्या प्रसंगांत त्यांनी ठरवून उचक्या दिल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पोरं शाळेत फडक्यासारखी उचकी देऊ लागली. उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय असं आपण म्हणतोच. लोकांनी ठरवून टाकलं की यान पृथ्वीपासून इतकं दूर गेलंय, तरी खाली कुणीतरी फडक्याची आठवण काढतंय. एका बाईंनी तर वर्तमानपत्रात लेख लिहिला की हे कवित्व मूळ लेखकाचं. मी तो लेख वाचला आणि गप्प बसले. मूळ लेखकाच्या यंत्राला उचकी लागतच नाही हो. ते कवित्व सेफ्टी पिनचं होतं.

गेल्या वर्षी तोच सिनेमा नव्याने काढला गेला आणि आवाज द्यायला आपल्याकडेच आला. फडक्याचा आवाज या वेळी छोटीने दिला. चोवीस वर्षांची मुलगी. बाहेर बोलते तेव्हा पुढच्या माणसाला ऐकू येत नाही, आणि माइकसमोर उभी राहिली की काच हलते. तिने महिनाभर खपून काम केलं. सिनेमा लागला आणि जुन्या सिनेमाच्या चाहता मंडळाने मतं मागवली. तीनशे बारा मतं आली. मी सगळी वाचली, कारण नोकरीच ती.

काय एकेक मतं होती. एका गृहस्थांनी लिहिलं, "कोठीवाल्याला या वेळी दुःखी भूतकाळ दिला आहे. ज्याची बायको धूमकेतूत गेली त्याला आम्ही हसायचं कसं?" एका आजींना नवा कोठीवालाच आवडला, कारण "जुना उगाच किंचाळायचा, हा निदान पोरांना घाबरवत नाही." एका शिक्षिकेने लिहिलं, "नवा फडक्या विनोद करून थांबतो आणि आपल्या हसण्याची वाट बघतो. जुना थांबायचाच नाही, म्हणून आम्हाला सिनेमा दोनदा बघावा लागायचा." कुणाला त्याचे मोठे डोळे खटकले. एका प्लंबरने तर आकृती काढून दाखवलं की नव्या फडक्याची पाण्याची टाकी जिथे आहे तिथे असूच शकत नाही. मला वाटतं, ज्या सिनेमावर लोक इतक्या पोटतिडकीने भांडतात, तो घरातल्या माणसासारखाच झालेला असतो.

पण दोनशेहून जास्त मतांत एकच तक्रार होती. उचकी कुठे गेली? आणि ती गेली कुणामुळे? छोटीमुळे. कुणी म्हणे, तिला यायची नाही. कुणी म्हणे, आजकालच्या मुलांना मेहनत नको. शेवटी मंडळाने ठराव केला की सिनेमा टीव्हीवर येईल तेव्हा हा आवाज काढावा आणि आक्कांचा घालावा. ठराव घेऊन डॉक्टर स्वतः आले. अध्यक्ष महोदय, तुम्ही तेव्हा अर्धे तयार झाला होतात. खाली बघू नका, आम्ही सगळेच तुमच्या पगारावर आहोत.

छोटीने ते दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मिस, उचकी कागदावर होती का हो? माझ्याकडून राहिली का?" मी म्हणाले, "नाही गं." एवढंच म्हणाले. चूक माझी होती हे सांगायला जीभ रेटली नाही. नन्सनी मला खोटं बोलू नकोस असं शिकवलं होतं; खरं वेळेवर बोल हे शिकवायचं त्यांच्याकडून राहून गेलं असावं.

आक्कांना मात्र रात्र काढवली नाही. त्यांनी डॉक्टरांना फोन करून बोलावून घेतलं. आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये होतो. डॉक्टर आले ते हात जोडूनच. "आक्का, तुम्ही हो म्हणा, बस. लहानपणापासून फडक्या म्हणजे माझा जीव की प्राण."

आक्का म्हणाल्या, "बसा. चहा घ्या. लहानपणापासून म्हणजे नक्की कितव्या वर्षापासून?"

"तेरा."

"सातवी 'ब'?"

डॉक्टर चकित झाले. आक्कांनी आपल्या कपाटातून एक जाड पिशवी आणली. त्यात त्या पहिल्या सिनेमाच्या वेळी आलेली पत्रं होती. मला वाटत होतं, सगळी कौतुकाचीच असणार. त्यांनी वहीच्या कागदावरचं एक काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. पत्र माझ्याकडे आहे आणि डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली आहे. दिली आहे ना? मान हलवलीत, ठीक.

"आवाज देणाऱ्या काकांना, स. न. वि. वि. तुमच्या फडक्यामुळे लढाईची सगळी मजा गेली. तो डबा सारखा उचक्या देतो. त्याला पाणी पाजा किंवा यानातून बाहेर टाका. पुढच्या भागात तो असेल तर मी येणार नाही. माझे तीन मित्रही येणार नाहीत. कळावे." खाली सही, इयत्ता सातवी 'ब', आणि तीन मित्रांच्या सह्या. त्यातल्या दोन एकाच अक्षरात.

कॅन्टीनमध्ये जो हशा झाला तो तीन मजले ऐकू गेला असेल. डॉक्टरांचे कान लाल झाले होते, पण सगळ्यात जास्त तेच हसत होते. "आक्का," ते म्हणाले, "मग मला तो आवडायला कधी लागला?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही पुढच्या भागाला आला होतात ना?"

"पाच वेळा."

"मग झालं तर. त्या पोरीलाही पाच वेळा ऐका, आणि मग ठराव करा." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि उचकीचं काय ते मिस सांगेल. मी अडतीस वर्षं सांभाळलंय, आता माझ्याच्याने होत नाही."

तेव्हा मी सांगितलं. पाच-सहा माणसांसमोर सांगितलं होतं, आज सभागृहासमोर सांगते आहे. उचकी मूळ सिनेमात नव्हती, नव्यातही नाही. छोटीने काहीही गाळलेलं नाही. तिने कागदावरचा शब्द न् शब्द दिला. चूक माझ्या हातून झाली, आणि तिची शिक्षा अडतीस वर्षांनी या मुलीला झाली. छोटी, मी तुझी माफी मागते.

डॉक्टरांनी ठराव तिथल्या तिथे मागे घेतला. पण मन असं लगेच मागे वळत नाही. आठ दिवसांपूर्वी छोटीने मालकांकडे बंद पाकिटात राजीनामा दिला. मालकांनी तो अजून मंजूर केलेला नाही, नामंजूरही केलेला नाही; शर्टाच्या खिशात घालून हिंडत आहेत. म्हणून म्हणते, आजच्या निरोपाची मला निम्मीच भीती वाटते. आक्का जाणार, ते वयाने ठरवलंय, आणि त्या हसत जात आहेत. भाच्याकडे राहणार, सकाळी उशिरा उठणार, आणि कुणाच्याही ओठांकडे न बघता बोलणार. पण एकाच दारातून एकाच आठवड्यात दोघी गेल्या, तर त्या काचेपलीकडे उभं कोण राहणार?

मला बोलायला पाच मिनिटं दिली होती. ती केव्हाच संपली. सभागृह दिल्याबद्दल शाळेचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, फुलं आणणाऱ्यांचे आणि डॉक्टरांच्या मोठ्या मनाचे मी आभार मानते. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर ते या मिसच्या खात्यावर घाला. तक्ता चुकवायची मला जुनी सवय आहे.

आक्का स्वतः बोलणार नाहीत. म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांचंच बोलले, आता स्वतःचं कुठून आणू?" पण कपाट रिकामं करताना त्यांनी एक यादी केली आणि ती शेवटी वाचायला मला बजावलं. जशीच्या तशी वाचते.

"जुनी पत्रं चाहता मंडळाला. ज्याचं पत्र सापडेल ते त्याला परत द्यावं, शिव्या असतील तर आधी द्यावं. सातवी 'ब'चं पत्र डॉक्टरांना. दवाखान्यात लावायचं कबूल केलंय, बाहेरच्या खोलीत लावावं, आतल्या नाही.

"मामांचे कानावरचे हेडफोन त्यांच्या मुलीला. एका बाजूने ऐकू येत नाही, तिला माहीत आहे.

"मिसचे सगळे कागद मिसला. मी लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या तिने आता तरी वाचाव्यात.

"मालकांच्या खिशातलं पाकीट ज्याचं त्याला, न उघडता.

"खालच्या खणात एक्केचाळीस पत्रं आहेत. वर 'फडक्या, यान' एवढाच पत्ता आहे. पोस्टमन सवयीने माझ्या खणात टाकत गेला. पहिलं मी चुकून उघडलं. त्यात लिहिलंय, 'तू फरशी पुसताना नाकातल्या नाकात गातोस ते गाणं आईला येत नाही, मला पूर्ण लिहून पाठव.' मी कधी गायले नाही, गातो तो नवा फडक्या. तेव्हा ही पत्रं माझी नव्हेत. सगळी छोटीला द्यावीत, आजच, ती दारातून बाहेर पडण्याआधी. उत्तरं तिनेच लिहायची. एका मुलीने घर नंबर घातलेला नाही. पोस्टमनला विचारावं, त्याला ती माहीत आहे."