भिंतीबाहेरची एकोणीस घरं

अस्सलामु अलैकुम.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि उत्तर किनारा समन्वय मंडळाचे नवे प्रमुख बापाक हेंद्रात्मो. प्रमुख पाहुणे, पूर्व जिल्ह्याचे माननीय जिल्हाप्रमुख. पश्चिम जिल्ह्याहून आलेले त्यांचे सहकारी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आदरणीय बाई, इबू विनार्सिह. मंडळाचा सर्व कर्मचारीवर्ग. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे दाराशी उभी असलेली माझ्या गावची मंडळी. आपणा सर्वांना माझं नम्र अभिवादन.

निवेदक भगिनींनी माझी ओळख ‘करांगलेगीचे माजी सरपंच कस्मुरी, इबूंचे जुने स्नेही’ अशी करून दिली. माजी सरपंच हे खरं. जुन्या स्नेहाबद्दल मात्र थोडं सांगावं लागेल. मला पाच मिनिटं दिली आहेत. जास्त लागली तर अध्यक्षांनी घंटी जरूर वाजवावी. मला जरा कमी ऐकू येतं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

इथल्या नव्या मुलांना ठाऊक नसेल, हे मंडळ का निघालं. आमचं गाव पूर्व जिल्ह्याचं शेवटचं टोक. ओढा ओलांडला की पश्चिम जिल्हा. समुद्र दर वर्षी वर येत होता, जमीन खाली जात होती आणि दोन्ही जिल्हे आपापली भिंत बांधत होते. पूर्वेची भिंत आमच्या वेशीअलीकडे संपली. पश्चिमेची ओढ्यापलीकडे सुरू झाली. मधे आम्ही. समुद्राला जिल्ह्याची हद्द कुठे कळते? दोन्ही भिंतींवरून वळलेलं पाणी आमच्या ओसरीवर येऊ लागलं. मग जकार्तातून हुकूम आला की दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र बसून एकच भिंत आखायची. त्यासाठी हे मंडळ, आणि आखणीसाठी इबू.

वर्षभर त्या आणि मोजणीदार गुनार्दी गावात यायचे. गुनार्दी तिथे दुसऱ्या रांगेत बसलेत. कोपरापर्यंतच्या बाह्यांचा शर्ट ते कधी घालत नाहीत, आजही घातलेला नाही. त्याचं कारण मी आहे.

बारा वर्षांपूर्वी, जून महिन्यात, इबूंनी गावसभा बोलावली. नकाशा टेबलावर पसरला. भिंतीची तांबडी रेघ आमच्या गावाच्या पुढून जायला हवी होती. ती गावाच्या मागून गेली होती, दीड किलोमीटर मागून.

मी विचारलं, “इबू, रेघ चुकली का?”

“नाही.”

“म्हणजे आम्ही समुद्रात?”

“दोनशे बारा घरं पश्चिम जिल्ह्यातल्या उंच जमिनीवर हलवायची. पुढून भिंत घातली तर तुम्ही वाटीच्या तळाशी बसाल. दोन वर्षांत इथली जमीन वीतभर खचलीय, आणि अजून खचतेय. ज्या दिवशी पाणी उपसणारा पंप बंद पडेल त्या दिवशी मी कुणाकुणाला बाहेर काढू?”

मंडळी, माझे आजोबा तिथे पुरलेत. वडील तिथे पुरलेत. मी तरण्या रक्ताचा नव्हतो, पण डोकं फिरायला वय लागत नाही. आमचं आधीच ठरलं होतं. मी खूण केली, आणि सभागृहाच्या लाकडी दाराला आतून साखळी पडली. कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात. मी दुसरा कागद पुढे ठेवला, भिंत गावाच्या पुढून जाईल असं लिहिलेला.

“यावर सही करा. सही होईपर्यंत कुणी बाहेर जाणार नाही.”

ही गोष्ट मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. व्यासपीठावर कुजबुज सुरू झालेली मला दिसतेय. थोडं थांबा.

दुपारचे दोन वाजले होते. त्या महिन्यात आमच्याकडे मोठी भरती दुपारीच येते. हे मला माहीत होतं, इबूंनाही. पाणी आधी मोरीतून आलं, मग फरशीच्या सांध्यांतून. इबूंच्या चपला तरंगायला लागल्या. त्यांनी पाय वर घेतले नाहीत आणि सहीही केली नाही. आत आम्ही चाळीसएक माणसं. बाकावर रुकाना आजी बसली होती. चार वेळा भराव घालून तिनं घराची जमीन उंचावली होती, त्यामुळे स्वतःच्या दारातून ती वाकून जायची.

“काय रे कस्मुरी,” आजी म्हणाली, “तुझ्या बापानं मला कधी कोंडलं नव्हतं.”

“आजी, तुमच्यासाठीच चाललंय हे.”

“माझ्यासाठी? मग आधी माझं डोकं बघ. छपराला आपटून आपटून टेंगूळ आलंय. ही बाई काय नवीन सांगतेय का आपल्याला?”

मी ऐकलं नाही. पाणी गुडघ्याला लागलं. माईकच्या वायरीचा बोर्ड आम्ही एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला होता, वीज चालू. ती खुर्ची हलली. मग जमीन सोडून तरंगायला लागली.

सगळ्यांत आधी गुनार्दींनी पाहिलं. “पाय वर घ्या! सगळ्यांनी बाकांवर चढा!”

वीज बंद करायचं बटण बाहेर, व्हरांड्यात. दाराला कुलूप. मी खिशात हात घातला, किल्ली काढली, आणि घाईत ती पाण्यात पडली. गढूळ पाणी. खुर्ची संथपणे गिरकी घेत होती, एका बाजूला कलत होती. बायका रडत होत्या, पण पाय खाली टाकायची कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

गुनार्दी बाकांवरून खिडकीशी गेले. तिच्या काचेच्या पट्ट्या त्यांनी हातानं फोडल्या आणि अंग चोरून बाहेर उडी टाकली. पंखे थांबले. त्यानंतर दहा आकडे मोजून होण्याआधी ती खुर्ची उलटली.

त्यांच्या हाताला सोळा टाके पडले.

किल्ली कुणी शोधली माहीत आहे? इबूंनी. पाण्यात उतरून, पायाच्या बोटांनी चाचपत. मला वाटलं, त्या स्वतः दार उघडतील. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “घ्या. तुम्हीच उघडा.”

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. दार कुणी बंद केलं होतं? इबू म्हणाल्या, “पाण्यानं लाकूड फुगलं होतं. दार अडकलं.” गुनार्दींनीही तेच सांगितलं. प्रकरण मिटलं.

माझं मिटेना. तिसऱ्या दिवशी मी गुनार्दींना बघायला दवाखान्यात गेलो. इबू बाहेरच्या बाकावर केळीच्या पानातला भात आणि सोयाबीनचं तेम्पे खात होत्या.

“इबू, खोटं का बोललात?”

“तुमच्यावर उपकार म्हणून नाही. दोनशे बारा घरं हलवायचीत. माझं कोण ऐकणार? तुमचं ऐकतील. तुम्ही तुरुंगात बसलात तर मी कुणाला बरोबर घेऊन फिरू?”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

त्यांनी पान दुमडलं. “तर दार फुगलं नव्हतं, हे मला आठवेल.”

हसू नका. त्या हसल्या नव्हत्या.

असा हा आमचा स्नेह. त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरलो. ज्यांनी मला दोनदा निवडून दिलं त्यांनी ‘विकला गेलास’ म्हणून तोंडावर दार लावलं. पश्चिम जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत आम्हाला ‘परजिल्ह्याचे’ म्हणून ताटकळत ठेवलं. तेव्हा इबू त्यांच्या पायऱ्यांवर फायली घेऊन बसायच्या आणि शिपायाला सांगायच्या, “साहेबांना कळवा, दोन्ही जिल्हे बाहेर बसलेत.” रुकाना आजीनं सर्वांत आधी सामान बांधलं. नव्या जागेत ती चार वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत त्या घराला ‘ते घर’ म्हणत राहिली. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. एकशे त्र्याण्णव घरं कोरडी झाली, एवढं म्हणतो.

एकोणीस राहिली. त्यांत पहिलं घर माझ्या थोरल्या भावाचं, सारिमानचं. दाराला साखळी लावणारा तोच. मी सामान हलवलं त्या दिवशी तो म्हणाला, “तू सरकारचा झालास. जा.” मग नऊ वर्षं एक शब्द नाही. ईदला मी होडीनं त्याच्या दारी जायचो. तो आत बसून राहायचा, वहिनी माफी मागायची.

गेल्या शुक्रवारी तो माझ्या अंगणात उभा होता. लुंगी मांडीपर्यंत चिखलानं माखलेली. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यानं पिशवी पुढे केली आणि म्हणाला, “यादीत घाल.”

पिशवीत एकोणीस अर्ज होते.

आता, अध्यक्ष महाराज, घंटी वाजवू नका, हे शेवटचंच. माणसं पूर्व जिल्ह्यातली, जमीन पश्चिम जिल्ह्यातली. हे अर्ज घ्यायचा अधिकार दोघांपैकी एकालाही एकट्याला नाही. तो फक्त या मंडळाला आहे. आणि माननीय जिल्हाप्रमुख, बाहेर चहा घेताना मी ऐकलं की आपण उद्या या मंडळातून बाहेर पडण्याच्या ठरावावर सही करणार आहात. नव्या बंदरासाठी आपली भिंत आपण सरळ पुढे नेणार. ऐकीव असेल तर मला खुशाल खोटं पाडा. खरं असेल तर विचारतो, त्या भिंतीवरून वळलेलं पाणी जाईल कुठे? या खेपेला ते आमच्या एकशे त्र्याण्णव घरांकडे जाईल. आणि या एकोणिसांनी मग कुणाच्या पायरीवर बसायचं? मी भांडायला आलो नाही. एकदा एका दाराला कुलूप घालून मी भांडून पाहिलंय. जमिनीनं माझं ऐकलं नाही.

दोन्ही जिल्ह्यांच्या पाहुण्यांचे, कर्मचाऱ्यांचे, आणि सकाळपासून उभ्या असलेल्या माझ्या गावकऱ्यांचे मी आभार मानतो. गुनार्दी, तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून जमलेलं नाही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर तो दोष माझ्या जिभेचा समजून पोटात घालावा. कुलुपाचा दोष मात्र माफ करा असं मी म्हणत नाही. तो आता सर्वांसमोर कबूल आहे. ज्याला चौकशीचा कागद पुन्हा उघडायचा असेल त्यानं उघडावा.

इबू, आता अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली. आपली नोकरी आज चार वाजेपर्यंत आहे. निरोपाला लोक शाल आणतात, फुलं आणतात. मी हे अर्ज आणलेत. आपण ते स्वीकारावेत आणि त्यांवर आजच्या तारखेचा आवक-शिक्का मारून मिळावा.

काय म्हणालात? माईक लांब आहे, इबू, ऐकू आलं नाही.

इबू विचारताहेत, प्रती आणल्यात का.

होय इबू. प्रत्येकी तीन. शिक्का उमटेपर्यंत मी इथेच उभा आहे.