‘फ’चे दोन कोपर

…बरं, पडायचं तर पडायचं, पण डाव्या हातावर पडायला काय झालं होतं मला? नाही! सगळं अंग सोडून नेमकी उजव्या मनगटावर आपटले! आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीची पायरी हो, जानेवारीतला बर्फ, त्यावर कुणा शहाण्यानं गरम पाणी ओतलेलं, म्हणजे पायरी कसली, आरसाच तो! एका हातात ताजा पाव. तो काही सोडवेना. पाव वाचवला बरं का मी! डाव्या हातानं छातीशी घट्ट धरला, म्हणून तर उजवा गेला… भलं होवो त्या पायरीचं!

हसू नका. म्हणजे हसा, पण आधी ऐकून घ्या. मी कापितोलिना येगोरोव्हना, इथं नदीकाठच्या शाळेत पहिलीच्या पोरांचं अक्षर वळवते. अक्षरओळख नव्हे हो, ती कुणीही करून देईल. मी अक्षर वळवते! आता आमच्या रशियन लिपीत ‘इ’, ‘श’, ‘ल’, ‘म’ ही चार भावंडं अशी, की जोडून लिहिली तर नुसतं बागेचं कुंपण. काठी, काठी, काठी, काठी! कुठं ‘श’ संपला, कुठं ‘म’ सुरू झाला, देवाला ठाऊक. ‘ल’ आणि ‘म’ला सुरुवातीला खाली एक इवलीशी आकडी असते, त्या आकडीवर सगळा संसार! ती विसरली की पोरगं लिहितं एक आणि आई वाचते भलतंच. आणि टाकानं लिहायचं तर रेघ खाली उतरताना जाड, वर चढताना केसासारखी बारीक. वर्षानुवर्षं मी काय करायची, खडू घ्यायची, फळ्यावर काढून दाखवायची आणि म्हणायची, “असं.” बस. “असं काढा.” नाही जमलं की, “असं नव्हे, असं.” माझी शिकवणी ती एवढी! हात बोलायचा, मी गप्प.

आणि हात प्लॅस्टरमध्ये! कोपरापासून बोटांपर्यंत, पांढरा भोपळा नुसता. आमचे हे, व्हेन्या, माझ्या कोटाची बटणं लावायचे, वरचं खाली, खालचं वर, आणि लापशी भरवायचे, तीही ऊन-ऊन. वर म्हणायचे, “कापा, देवानं हातच मोडला गं, जीभ मोडली असती तर मेणबत्ती लावली असती चर्चमध्ये.” ऐका! बेचाळीस… जाऊ दे, किती वर्षं झाली ते नाही मोजत मी, पण नवऱ्याची जात!

मी गेले मुख्याध्यापिकाबाईंकडे. रेगिना पावलोव्हना. तपकिरी सूट, दोन्ही हात कमरेवर, बोलताना कोपर असे बाहेर काढलेले की दारातून आडव्या जातील की काय. म्हटलं, बाई, बदली शिक्षिका द्या. तर म्हणतात कशा, “बदली? कुठून देऊ? विणून देऊ? हात मोडलाय ना, तोंड शाबूत आहे ना? मग तोंडानं शिकवा!” आणि मी दारापर्यंत पोचते न पोचते तोच, “आणि हे बघा कापितोलिना येगोरोव्हना, फेब्रुवारी संपता संपता मी तुमच्या तासाला येणार आहे. हाताने लिहितंय कोण आजकाल? प्रगती दिसली तर ठीक, नाहीतर सुलेखनाचा तास बंद. त्या वेळात मुलं संगणकावर टंकलेखन करतील. तुम्हालाही विश्रांती हवीच आहे.” विश्रांती! कळलं ना तुम्हाला? विश्रांती म्हणजे घरी. घरी म्हणजे व्हेन्याची लापशी.

पहिल्या दिवशी म्हटलं, डाव्या हातानं काढू. त्यात काय! घेतला खडू, काढलं अक्षर, वळले. पहिल्या बाकावरचा प्रोखर, गोल चेहरा, पुढचे दोन दात पडलेले, मान तिरकी करून म्हणतो, “हे काय आहे?” आणि त्याच्या शेजारची अग्निया, दोन वेण्या, जीभ कात्रीसारखी, ती अगदी माझ्या आवाजात, अगदी माझा चष्मा नाकावर ढकलायची लकब करून म्हणते, “काय गं, कोंबडी चालून गेली का फळ्यावरून?” माझंच वाक्य हो! माझंच! मी पोरांना म्हणायची ते!

रागवायचं तरी कसं? कोंबडी खरंच चालून गेली होती.

मग काय, बसले खुर्चीवर. म्हटलं, अग्निया, इतकं कळतंय ना, ये, घे खडू, मी सांगते तसं काढ. आली ताठ मानेनं. “हं, सांगा.” आणि तुम्हाला सांगते, माझं तोंड उघडं, आणि आत शब्दच नाही! इतकी वर्षं मी ‘ल’ काढला, झोपेत काढला असता, पण ‘ल’ कसा काढतात ते… ते मला माहीतच नव्हतं! म्हटलं, “वर जा.” गेली. “अजून वर… आता खाली ये.” आली. येतच राहिली. फळा संपला, फळ्याची चौकट संपली, भिंतीवर निघाली. “थांब!” “तुम्ही थांब म्हणाला नव्हतात.” प्रोखरला बोलावलं, त्याला म्हटलं, रेघेला जरा वळण दे. त्यानं खडूसकट स्वतःभोवतीच गिरकी घेतली! वर्ग हसून लोळला. मी घरी जाऊन रडले बरं का. व्हेन्यांनी डोळे पुसले… माझे, त्यांच्या रुमालानं, ज्याला मासळीचा वास होता.

पण रडता रडता बसले विचार करत. ‘ल’ म्हणजे काय? खालून चमचाभर जॅम उचलायचा, ही आकडी. मग डोंगर चढायचा रिकाम्या हातानं, म्हणून रेघ बारीक. उतरताना पाठीवर बटाट्याचं पोतं, म्हणून रेघ जाड. आणि खाली पोचलात की पाय पुसायचा, पुढच्या अक्षराकडे. सकाळी वर्गात हेच सांगितलं. आणि अग्नियानं काढला! ‘ल’! आकडीसकट! आणि सगळा वर्ग एका सुरात, “जॅम! डोंगर! पोतं! पाय पूस!” शेजारच्या वर्गातून शिपाईण बघायला आली, आग लागली की काय म्हणून. भलं होवो त्या पायरीचं!

मग तर हो, पोरांनाच चेव आला. मी एक सांगायची, ती दोन सांगायची. ‘झ’ म्हणजे कोण? भांडून पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन शेजारणी, मधे कुंपणाचा खांब! हे प्रोखरनं सांगितलं, घरचाच अनुभव असणार. रोज एकानं फळ्यापाशी उभं राहायचं, बाकीच्यांनी ओरडायचं, मी खुर्चीत बसून सर्कसवाल्यासारखी, “सावकाश! पोतं सांडलं! पुन्हा चढ!” आणि मजा अशी, की जो ओरडून दुसऱ्याला सांगायचा, त्याच्या स्वतःच्या वहीतही आकडी यायला लागली. आपोआप! मी इतकी वर्षं लाल शाईनं जिचा पाठलाग केला ती आकडी!

आता राहिला ‘फ’. आमचा ‘फ’ म्हणजे मधे उभी काठी आणि दोन्हीकडे दोन फुगीर गोळे. मी विचारलं, “हा कोण?” आणि मला काय ठाऊक, की वर्गाला ते आधीच ठाऊक आहे! एकदम सगळे, “मुख्याध्यापिकाबाई!” मी म्हटलं, श्श! पण मनात म्हटलं, अगदी बरोबर.

आणि नेमक्या त्याच दिवशी! अग्निया फळ्यापाशी, वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडतोय, “बाई उभ्या राहिल्या! हात कमरेवर! डावा कोपर बाहेर! उजवा कोपर बाहेर! पाय रेघेच्या खाली!” आणि मागचं दार उघडलं. रेगिना पावलोव्हना. तपकिरी सूट. हात कमरेवर. “हा काय व्यायामाचा तास आहे?”

आणि प्रोखर, देव त्याचे दात लवकर आणो, बोट दाखवून म्हणतो, “फ आल्या!”

माझ्या प्लॅस्टरलासुद्धा घाम फुटला हो! मनात म्हटलं, संपलं. तास गेला, वर्ग गेला, लापशी आली. बाईंचा चेहरा बिटासारखा लाल. “काय म्हणालास?” प्रोखर बाकाखाली. आणि आमची अग्निया… खडू वर धरून, एक डोळा मिटून, चित्रकारासारखी म्हणते, “रेगिना पावलोव्हना, हलू नका ना! माझा डावा कोपर नेहमी बारीक येतो. तुम्हाला बघून काढते.”

मी डोळे मिटले. उघडले. बाई हलल्या नव्हत्या! खोटं नाही सांगत, तिथंच, दारात, हात कमरेवर, श्वास धरून उभ्या! पोट आत घेतलं, तेही मी पाहिलं. अग्नियानं काढला. भरदार, सुरेख, दोन्ही कोपर सारखे. बाई सावकाश पुढं आल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, “माझा उजवा कोपर एवढा वर नसतो.” खडू घेतला आणि स्वतः काढायला गेल्या.

कसला ‘फ’ तो! हातानं लिहितंय कोण आजकाल, ते दिसलंच की! काठी वाकडी, एक गोळा लिंबाएवढा, एक कलिंगडाएवढा. पोरं काय गप्प बसतात? “पोतं! पोतं विसरलात! पाय रेघेखाली! पुन्हा!” आणि बाईंनी पुसला. पुन्हा काढला. पुन्हा पुसला. घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी एक बरा आला, वर्गानं टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाईंचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही… सुटावर सगळा खडू, आणि सात वर्षांच्या मुलीसारखं हसू.

दाराशी मला हळूच म्हणाल्या, “तास राहू दे. तुमच्यासाठी नाही हं. संगणकाच्या खोलीचं छत गळतंय.” मी म्हटलं, गळो बिचारं. छताचंही भलं होवो, पायरीचंही भलं होवो!

मार्च सरता सरता प्लॅस्टर निघालं. हात पांढराफटक, काटकुळा, पण बोटं चालली! मी आठवडाभर घरी गिरवलं, नवीन ब्लाऊज घातला, वर्गात गेले, खडू घेतला आणि अशी ओळ काढली म्हणता… मोती! वळून बघितलं. पोरांनी बघितलं. अग्नियाच शेवटी, अगदी समजुतीनं, जसं आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाली, “छान आहे, कापितोलिना येगोरोव्हना. पण तुम्ही नुसतंच लिहिलंत. सांगितलं नाहीत.” आणि माझ्या हातातून खडू काढून घेतला. खुर्ची पुढं केली.

वाईट वाटलं? वाटलं थोडं. पण खुर्चीत बसून त्या पोरांच्या वह्या बघितल्या, ओळीच्या ओळी, प्रत्येक ‘म’च्या पायाशी इवलीशी आकडी… नाक शिंकरलं आणि म्हटलं, हं, चल, डोंगर चढ.

तर आता असं चाललंय. हात ठणठणीत, आणि दिवसभर बोलून बोलून घसा मात्र बसलेला. व्हेन्या म्हणाले, “कापा, घरी तरी घशाला विश्रांती दे. जे काय सांगायचं ते लिहून ठेवत जा ना, एवढं सोन्यासारखं अक्षर तुझं.” म्हटलं, पटलं. काल टाक-दौत काढली, जाड-बारीक रेघा, एकूण एक आकडी जागच्या जागी, अशी सुरेख चिठ्ठी लिहिली, ‘बटाटे सोला, मी येते’, आणि टेबलावर ठेवली. संध्याकाळी येऊन बघते, तर बटाटे पोत्यात, चिठ्ठी भिंतीवर चौकटीत, आणि हे समोर हात जोडून उभे… “काय देखणं लिहिलंयस गं! आता चष्मा सापडत नाहीये, जरा वाचून दाखव ना.”