कोणी काढला

भाची : मावशी, ती कात्री ठेव खाली आधी. चार वाजता आमच्या कार्यालयाची गुलाबांच्या जातींची यादी छापखान्यात जाणार आहे, आणि मी सकाळपासून नुसती धावतेय.

मावशी : जेवली नसशील. बस.

भाची : हे चित्र बघ. एका जुन्या रोपवाटिकेचं सूचीपत्र आहे, नव्वद वर्षांपूर्वीचं. काल हाती लागलं.

मावशी : चष्मा कुठे ठेवला मी...

भाची : डोक्यावर आहे. बघ ना. मधोमध हिरवा ठिपका, देठाला काटा नाही, पाकळ्यांची कड दुमडलेली. हा तुझाच गुलाब आहे, मावशी. तुझ्या जन्माआधीचा.

मावशी : हं. तोच आहे.

भाची : तोच आहे काय? आमच्या नोंदवहीत तीस वर्षं 'जात कोणी काढली'च्या रकान्यात तुझं नाव आहे. यंदा ती नोंद तपासली म्हणून मी सही ठोकलीय. सख्खी मावशी म्हणून डोळेझाक केलीस, असंच म्हणणार सगळे. नोकरी जाईल माझी.

मावशी : तुमचे तेव्हाचे साहेब प्रदर्शनात माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, 'हा गुलाब कोणी काढला?' मी म्हटलं, मी काढला.

भाची : मग?

मावशी : अगं, काढलाच होता. कुदळीनं. गिरणीमागचा बंगला पाडत होते, त्याच्या कुंपणाशी होतं हे झुडूप. मुळासकट काढलं, ओल्या पोत्यात गुंडाळून घरी आणलं.

भाची : अरे देवा. ते विचारत होते नवी जात कोणी काढली, आणि तू सांगितलंस खणून कोणी काढला.

मावशी : टाळ्या पडल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला माझ्या.

भाची : तेव्हाच का नाही बोललीस?

मावशी : बोलणारच होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, नाव काय ठेवायचं? आणि तोंडातून 'ठकी' निघून गेलं.

भाची : तुझी ठकी.

मावशी : तिला जाऊन चार महिने झाले होते. सात वर्षांची पोर. घरात कोणी तिचं नाव काढत नव्हतं, मला त्रास होईल म्हणून. मग नाही सांगवलं गं खरं.

भाची : नियम असा आहे की जे सगळ्यात जुनं नाव, तेच राहतं. पण हे सूचीपत्र अजून कोणी पाहिलेलं नाही, मावशी. मी ते कपाटात तळाशी ठेवलं तर...

मावशी : तर जन्मभर धास्ती घेऊन फिरशील. तुमच्या कार्यालयाचा लिफाफा आला की अजून दोन-दोन दिवस फोडत नाही मी. गुलाब खरा कोणाचा, लिहिलंय त्यात?

भाची : त्या रोपवाटिकेतल्या माळ्याचा. त्याची नात दोनदा पत्र पाठवून विचारतेय, आजोबांची एखादी तरी जात उरलीय का.

मावशी : आणि तू तिला काय कळवलंस?

भाची : नाही म्हणून.

मावशी : मग कपाट कसलं उघडतेस. तिला खरं कळव.

भाची : पण ठकीचं नाव जाईल.

मावशी : दुसऱ्याच्या लेकराला माझ्या लेकीचं नाव ठेवलं होतं मी. आज ना उद्या कोणी न्यायला येणारच होतं.

भाची : (यादी पुढे ओढते, पेनाचं टोपण काढते, पुन्हा लावते.) माझ्याच्यानं नाही होत.

मावशी : खोड, बाळा. फक्त आधी एकदा तिचं नाव मोठ्यानं वाच.